घराचं ॲव्हरेज

अमेरिकेत चालत्या घरांचे तीन वर्ग मानतात: ए, बी आणि सी. ए म्हणजे सगळ्यात मोठं, बसएवढं घर. यावरून बी मधलं आणि सी सगळ्यात धाकटं असा तुमचा समज झाला असेल, तर तो शाळेत शिकल्याचा परिणाम आहे. धाकटं बी आहे आणि मधलं सी. ही वर्गवारी ज्याने लावली, त्याच्या स्वयंपाकघरात डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं असणार आणि आत मीठ निघत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बी म्हणजे कॅम्पर व्हॅन. मूळची ही सामान पोचवणारी गाडी. फोर्डची ट्रान्झिट, मर्सिडीजची स्प्रिंटर, रॅमची प्रोमास्टर अशा गाड्या कारखान्यातून रिकाम्या निघतात आणि मग कोणीतरी त्यांच्या पोटात पलंग, शेगडी, बेसिन, फ्रिज आणि कपाटं बसवतं. बाहेरून पाहाल तर आत माणूस झोपलाय की कुरियरची पार्सलं आहेत, ते कळत नाही. सीचं तोंड ट्रकचं, मागे घराचा खोका आणि तो खोका ड्रायव्हरच्या डोक्यावरून पुढे आलेला. त्या पुढे आलेल्या कपाळात एक बिछाना असतो, आणि तिथे कोणी झोपायचं यावरून भावंडांत भांडणं होतात. ए मात्र सरळ बसच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधतात. लांबी 45 फुटांपर्यंत. आत सोफा, जेवणाचं टेबल, घरातल्याएवढा फ्रिज, काहींत कपडे धुण्याचं मशीनसुद्धा. वर गंमत म्हणजे बटण दाबलं की भिंतच सरकून बाहेर जाते आणि खोली रुंद होते. मुंबईत संसार केलेल्या कोणालाही हे दृश्य पाहून गलबलून येईल. मी मनातल्या मनात गुणाकार केला. 40 फूट लांब, साडेआठ फूट रुंद, म्हणजे 340 चौरस फूट, तेही भिंती सरकवायच्या आधी. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात 300 चौरस फुटांची सदनिका मिळते आणि तिला चाकं नसतात.

आमची लेक सिॲटलला असते. तिने आणि जावयाने आम्हाला मोंटानातलं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान दाखवायचं ठरवलं आणि त्यासाठी एक कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. आम्ही दोघं व्हॅनमध्ये, ती दोघं शेजारी तंबूत. उद्यानाबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर आमच्या पलीकडे एक निवृत्त जोडपं 40 फुटी ए घेऊन उतरलं होतं. ड्रायव्हरची जागा सोडली तर आमचं घर सत्तरेक चौरस फुटांचं. शेजार असा मिळाला की तुलना करावी लागत नाही, ती आपोआप होते.

आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. ओळख होताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ हा प्रश्न मराठी पुरुष स्कूटरपासून विमानापर्यंत कशाबद्दलही विचारू शकतो. घराबद्दल विचारायची संधी मात्र क्वचितच मिळते. शेजारी मोठ्याने हसले आणि म्हणाले, गॅलनला सात मैल, उतार असेल तर आठ. ह्यांनी डोळे मिटून गणित केलं. लिटरला तीन, फार तर साडेतीन किलोमीटर. ‘‘आणि टाकी?’’ शंभर गॅलनची. म्हणजे जवळजवळ 380 लिटर. त्यानंतर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. आमची व्हॅन लिटरला साडेसहा देत होती, ते त्यांनी रात्री मला दोनदा सांगितलं. माझ्या लक्षात राहिला तो शेजाऱ्यांचा सूर. आकडा ऐकवताना माणूस खंतावलेला नव्हता. चांगला खुलला होता.

या दोन घराण्यांचं मूळही वेगळं आहे. धाकट्याचा जन्म युद्धानंतरच्या जर्मनीतला. फोक्सवॅगनच्या गाड्या हॉलंडमध्ये आयात करणाऱ्या बेन पॉन नावाच्या व्यापाऱ्याने 1947 मध्ये आपल्या वहीत एका खोक्यासारख्या गाडीचं चित्र काढलं. पुढे ड्रायव्हर, मागे इंजिन, मध्ये वाट्टेल ते. 1950 मध्ये ती गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली, इंजिन जेमतेम 25 अश्वशक्तीचं. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवता येईल असा ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. आठवडाभर सुताराचं सामान वाहायचं आणि रविवारी त्याच गाडीत बायकोमुलांना घेऊन तळ्याकाठी झोपायचं. जर्मन माणसं तिला लाडाने ‘बुली’ म्हणतात. पुढे हिप्पींनी तिच्यावर फुलं काढली. ब्राझीलमध्ये तर तिच्या नंतरच्या पिढीचं उत्पादन 2013 सालापर्यंत चालू होतं.

थोरल्याचं घराणं अमेरिकन. आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी नावाचं शेतकऱ्यांचं लहानसं गाव आहे. शेतीचे दिवस वाईट होते, गावात काही उद्योग यावा म्हणून 1958 मध्ये खटपट करून कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीचा ट्रेलरचा कारखाना तिथे आणला गेला. त्यात पुढाकार घेणाऱ्या जॉन के. हॅन्सन यांचा घरचा धंदा दुहेरी: फर्निचरचं दुकान आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था. माणसाला घरात काय लागतं आणि शेवटी किती जागा लागते, या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. या कारखान्याची पुढे विनेबागो कंपनी झाली आणि 1966 पासून तिथल्या असेंब्ली लाइनवरून अख्खी चालती घरं बाहेर पडू लागली, तीही इतरांपेक्षा बरीच स्वस्त. अमेरिकेत चालत्या घराला कंपनी कुठलीही असली तरी विनेबागो म्हणायची रीत पडली, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणायची पडली तशी.

जॉन स्टाइनबेक मात्र ए, बी, सी यांपैकी कशातच बसत नाही. 1960 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, त्याने एका पिकअप ट्रकच्या पाठीवर छोट्या बोटीच्या केबिनसारखं लहानसं घर चढवून घेतलं, डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याला ‘रोसिनान्ते’ नाव दिलं आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन तो देश बघायला निघाला. ती गाडी आता कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावी त्याच्या संग्रहालयात उभी आहे. निघताना आपण फार सामान भरलं, हे त्याने पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय. नोबेल मिळवणाऱ्या माणसालाही सामान आवरता येत नाही हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

व्हॅनमध्ये सामान आवरणं हा छंद नसून दिनक्रम आहे, कारण तिथे कुठलीही वस्तू एकटी हलत नाही. सकाळी चहा करायचा. चहाची पूड पलंगाखालच्या कप्प्यात. कप्पा उघडायचा तर पलंग दुमडायला हवा. पलंग दुमडायचा तर पांघरुणं पुढच्या सीटवर ठेवायला हवीत. पुढची सीट आदल्या रात्री आतल्या बाजूला फिरवून तिची खुर्ची केलेली, आणि तिच्यावर ह्यांची बॅग. टेबलाचा पाय ज्या कपाटात, त्या कपाटाला पाठ लावून हे उभे.

‘‘अहो, जरा सरका.’’

‘‘कुठे सरकू? बाहेर?’’

‘‘बाहेरच.’’

हे चपला घालून बाहेर गेले आणि दोन मिनिटांनी मला हाका मारायला लागले. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर ऊन उतरत होतं आणि बर्फाचे पट्टे गुलाबी झाले होते. आयुष्यभर साडेसातच्या आधी न उठलेल्या माणसाने सूर्योदय पाहिला तो चहाच्या पुडीमुळे. व्हॅन तुम्हाला निसर्गप्रेमी वगैरे करत नाही. ती फक्त घराबाहेर काढते, पुढचं निसर्ग बघून घेतो.

शेजाऱ्यांचा कस सकाळी लागत नव्हता, तो येताना लागला होता. 40 फुटांचं घर मागे घेऊन ठरलेल्या जागेत बसवायचं ही नवराबायकोच्या नात्याची परीक्षा असते. तो चाकाशी, ती मागे उभी, दोघांच्या हातात वॉकीटॉकी. तिने डावीकडे म्हटलं की तो विचारणार, कोणाच्या डावीकडे. तिने थांब म्हटलं की तो एक फूट पुढे जाऊन थांबणार. ही भाषा मला दुभाष्याशिवाय समजली. गाडी लागली की चारही कोपऱ्यांचे जॅक खाली टेकतात आणि घर सपाट होतं. आमच्या व्हॅनला त्यासाठी चाकाखाली प्लॅस्टिकच्या पाचरी सारायच्या होत्या, आणि त्या चुकीच्या चाकाखाली गेल्या की रात्रभर डोकं खाली, पाय वर. मग शेजाऱ्यांनी पाण्याचा पाइप जोडला, मैल्याचा पाइप जोडला, विजेची जाडजूड केबल जोडली. ह्यांना त्यातच रस. 50 ॲम्पियरच्या त्या एका जोडणीतून 12,000 वॅट मिळतात आणि घरावर दोन एसी चालतात, हे कळल्यावर त्यांनी त्या खांबाचे फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. डोंगरांचे फोटो दुसऱ्या दिवशी गेले.

मोठ्या घराचा खरा हेवा मला वाटला तो दूध संपल्यावर. व्हॅनमधलं दूध संपलं की दूध आणायला घरालाच जावं लागतं. भांडी लावा, फ्रिजचं दार अडकवा, खिडक्या बंद करा, वीज काढा, पांघरुणं बांधा, आणि मग अख्खा संसार हलत-खुळखुळत दुकानाकडे. मागे एक खुर्ची ठेवून जायचं, म्हणजे जागा आपली आहे हे लोकांना कळतं. शेजाऱ्यांच्या घरामागे मात्र एक लहानशी जीप बांधलेली असते, चारही चाकं जमिनीवर, मुकाट मागे ओढली जाते. मुक्कामावर पोचलं की ती सोडायची आणि दूध आणायला जायचं. घर तिथेच राहतं, घरासमोर अंथरलेली चटई तिथेच राहते, नावाची पाटीसुद्धा तिथेच राहते.

आता ज्या विषयाला सगळे टाळतात आणि सगळे त्याच्यावरूनच गाडी निवडतात, तो विषय. माझ्या आजीचं घर कोकणात, राजापूरच्या बाजूला. संडास परसाच्या टोकाला, विहिरीच्याही पलीकडे. रात्री जायचं तर कंदील आणि सोबत लागायची. घराच्या आत संडास ही कल्पना तिला शेवटपर्यंत पटली नाही. व्हॅनमध्ये शेगडी आणि संडास यांच्यातलं अंतर हातभर असतं, आणि पुष्कळ व्हॅनमध्ये त्याच कपाटात उभं राहून अंघोळही करायची असते. आजीला यात बसवलं असतं, तर तिने राजापूरला चालत परत जाणं पसंत केलं असतं.

यातही खंडाखंडांचे रिवाज आहेत. युरोपात या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा एक कॅसेट असते, वीसेक लिटरचा बंद डबा, हँडल आणि चाकं असलेला. सकाळी भली भली माणसं तो डबा सुटकेससारखा ओढत रिकामा करायला निघतात आणि वाटेत एकमेकांना सुप्रभात म्हणतात. अमेरिकेत टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची एक, सांडपाण्याची करडी आणि उरलेल्याची काळी. जाड पाइप लावून आधी काळी सोडायची आणि मग करडी, म्हणजे सांडपाण्याने पाइप धुऊन निघतो. न्यूझीलंडने तर 2023 मध्ये कायदाच केला. गाडी ‘स्वयंपूर्ण’ ठरायची असेल तर आत पक्का बसवलेला संडास हवा, उचलून ठेवायचा चालणार नाही, आणि पलंग घातलेला असतानाही तो वापरता यायला हवा. ही शेवटची अट ज्याने घातली, तो माणूस कधीतरी मध्यरात्री व्हॅनमध्ये अडकलेला असणार.

मोठ्या घराला जग सगळीकडे आत घेत नाही. ग्लेशियरमधला ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता 1932 मध्ये पुरा झाला, कड्याच्या कडेने कोरलेला. त्याच्या वरच्या भागात 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट आठ फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही. आम्ही आमच्या धाकट्या घरात बसून, आरसे मिटून घेत, वर लोगन खिंडीपर्यंत गेलो. शेजारी त्यांच्या जीपमधून आमच्या आधीच पोचलेले. उंचीचं दुखणं याहून वाईट. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात एक रेल्वेपूल वर्षानुवर्षं उंच गाड्यांची टपं खरवडत आला. त्याची मूळची उंची 11 फूट 8 इंच, आणि मोठ्या घरांची सहज बाराच्या वर. 2019 मध्ये पूल आठ इंचांनी उचलला, तरी गाड्या आपटायच्या काही थांबल्या नाहीत.

युरोपात अडतं ते वजनावर. साधा परवाना साडेतीन टनांपर्यंतचा, त्यामुळे तिथली मंडळी निघायच्या आधी किलोकिलोचा हिशोब करतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, मग पाणी न्यायचं की वाइन? ब्रिटनमध्ये मात्र 1997 च्या आधी परवाना काढलेल्यांना साडेसात टनांपर्यंतची मुभा असते. सत्तरी आली की ती टिकवायला डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे मोठं घर चालवायचा हक्क आहे तो गुडघे दुखणाऱ्यांना, आणि ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांनी व्हॅनमध्ये ओणवं होऊन पलंग दुमडायचा.

हे सगळं पाहिल्यावर सोयींची तुलना करून काही निष्पन्न होत नाही, असं माझं मत झालं. धाकटं म्हणजे स्वस्त, असंही नाही. नवी कॅम्पर व्हॅन पुष्कळदा तिच्याहून लांब सीपेक्षा महाग पडते, आणि जागा कमी तर भाव जास्त, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या घराची माणसं काही वर्षांनी व्हॅन घेतात, व्हॅनवाले मोठ्याकडे जातात, आणि दोघंही आधीच्या गाडीबद्दल हळवे होतात.

मला उलगडा झाला तो शेजाऱ्यांच्या त्या हसण्यावरून. गॅलनला सात मैल ही तक्रार होती, पण मुलगा अजिबात जेवत नाही हो, असं आई चारचौघींत सांगते तेव्हा त्यात जी ऐट असते, तीच त्या सुरात होती. मग मी कान देऊन ऐकायला लागले. ए वाले डिझेलबद्दल, पुलांबद्दल, मागे घेण्याबद्दल बोलत होते आणि प्रत्येक तक्रारीत आपल्या घराचा आकार हळूच ऐकवत होते. व्हॅनवाले डोकं आपटल्याचं, कपाट उघडायला नवऱ्याला बाहेर काढल्याचं सांगत होते आणि आपल्याला किती थोडक्यात भागवता येतं ते ऐकवत होते. सीवाल्यांचं गाऱ्हाणं एकच, की आपल्याला कोणी कुठल्याच बाजूचं समजत नाही. संडासाबद्दल मात्र तिन्ही वर्गांची एकजूट होती.

आपल्याला हे परकं नाही. मराठी माणूस सहलीच्या कंपनीबरोबर स्वित्झर्लंडला जातो तो बरोबर स्वयंपाकी आहे याची खात्री करून, आणि परत आल्यावर वर्षभर सांगतो की आल्प्समध्ये पोह्यांना हवी तशी कोथिंबीर नव्हती. कोथिंबिरीच्या या तक्रारीवाचून त्याची सहल पुरी होत नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. उद्या कोकणच्या किनाऱ्यावर अशी घरं रांगेने उभी राहिली, तर घाटातली वळणं, अरुंद रस्ते आणि माशांचा वास यांबद्दल आपल्या तक्रारी जगात कोणापेक्षा कमी पडणार नाहीत.

म्हणून अशी गाडी घ्यायला जाणाऱ्याने सोयींची यादी वाचत बसू नये. कोणती गैरसोय आपल्याला पुढची वीस वर्षं न कंटाळता, कौतुकाने सांगता येईल, तेवढं ठरवावं. माझं ठरलंय. चहाच्या पुडीसाठी पलंग दुमडण्याची गोष्ट मी आतापर्यंत भिशीत, लग्नात आणि दाताच्या डॉक्टरकडेही सांगितली आहे, दर वेळी थोडी वाढवून. ह्यांना विचारलं तर म्हणतात, गाडी वगैरे काही घ्यायची नाही, या वयात परवडत नाही. पण परवा जेवता जेवता मध्येच म्हणाले, ‘‘380 लिटरची टाकी एकदा भरायची म्हणजे आपल्याकडे पस्तीस हजार गेले!’’ न घेतलेल्या गाडीच्या डिझेलबद्दल माणूस इतक्या आनंदाने कुरकुरायला लागला, की त्याचं मन कुठल्या वर्गात बसलंय ते बायकोला कळतं.